व्हॅन बास्टनचा घोटा नेमका कशानं गेला? भाच्याले समजावून सांगायचं आहे

बर्डीचा_मामा

नमस्कार मंडळी, इथं जुने फुटबॉलवाले बरेच आहेत म्हणून विचारून राहिलो. माझा भाचा सतरा वर्षाचा आहे, स्ट्रायकर खेळते, बरा खेळते असं सगळेच म्हणतात. मागच्या आठवड्यात प्रॅक्टिसमध्ये त्याचा उजवा पाय मुरमाच्या ग्राउंडवर आतल्या बाजूला वळला, घोटा सुजून टम्म झाला आणि दुसऱ्या दिवशी बाहेरच्या अंगानं पार टाचेपर्यंत काळानिळा पडला. आता सूज अर्धी उतरली आहे पण जिना उतरताना अजून कठडा धरून उतरते. आणि येत्या रविवारी त्याच्या टीमची सेमीफायनल आहे. कोच म्हणते क्रेप बँडेज करकचून बांध, लागलं तर दुखणं दबायची सुई मारून घेऊ, फक्त सेकंड हाफ खेळ. पोट्टा तर कालपासून बूट पुसून तयार बसला आहे.

मी नको म्हटलं तर मले मार्को व्हॅन बास्टनची गोष्ट सांगते. म्हणे तो पण घोटा खराब असतानाच १९८८ ची युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, खेळला आणि तो जगातला सगळ्यात भारी गोल मारला, मोठे प्लेअर असं दुखणं अंगावर काढूनच मोठे होतात. मोबाईलवर रील पाहून पाहून त्याच्या डोक्यात हे पक्कं बसलं आहे. मी आपला १९९० चा वर्ल्डकप टीव्हीवर पाहिलेला माणूस, मले गुलिटच्या वेण्या आठवतात, व्हॅन बास्टनचं नाव ऐकून आहे पण त्याचं पुढं काय झालं ते धड माहीत नाही. त्याचा घोटा कशानं गेला, किती वर्षं खेळला, वेळेवर थांबला असता तर वाचला असता का? ताई आणि भाऊजी दोघंही पोराच्या हट्टापुढं गप्प आहेत, ऐकलं तर तो माझंच ऐकते, म्हणून खरं काय ते कोणी सांगा. रविवारच्या आत सांगितलं तर उपकार होतील.

जुनी_नारंगी_जर्सी

मामा, तुमच्या भाच्यानं माणूस एक नंबर निवडला आहे पण गोष्ट अर्धीच ऐकली आहे. मी सगळी सांगतो, लांबेल जरा, वाचून घ्या.

व्हॅन बास्टन नेदरलँड्सच्या उट्रेक्टचा, जन्म ३१ ऑक्टोबर १९६४ चा. अ‍ॅमस्टरडॅमच्या आयाक्स क्लबकडून पहिली मॅच ३ एप्रिल १९८२ ला खेळला आणि कोणाच्या जागी मैदानात उतरला तर योहान क्रायफच्या, म्हणजे डच फुटबॉलच्या सगळ्यात मोठ्या खेळाडूच्या. सतराच वर्षांचा होता, म्हणजे तुमच्या भाच्याच्याच वयाचा, आणि त्याच मॅचमध्ये गोलही मारला. पुढं डच लीगमध्ये सलग चार सीझन टॉप स्कोअरर. १९८५-८६ मध्ये तर २६ मॅचमध्ये ३७ गोल, त्या वर्षीचा युरोपचा गोल्डन बूट, म्हणजे टॉप स्कोअररचं बक्षीस, त्याचाच. आयाक्ससाठी लीगचा एकूण हिशोब १३३ मॅच आणि १२८ गोल असा आहे. सहा फूट दोन इंच उंचीचा माणूस आणि एवढ्या उंचीचा असून बॉल पायात आला की वळायचा असा की डिफेंडर उलट्या बाजूला गेलेला असायचा, दोन्ही पायांनी मारायचा, हेडर होता, व्हॉली होती म्हणजे बॉल हवेत असतानाच मारायचा. त्या काळात असा नंबर नऊ दुसरा नव्हता असं माझं स्पष्ट मत आहे.

आता घोट्याची गोष्ट. डिसेंबर १९८६, ग्रोनिंगेनविरुद्ध मॅच. व्हॅन बास्टन स्वतःच टॅकल करायला गेला आणि त्यात त्याचाच घोटा दुखावला. तेव्हा आयाक्सचा कोच होता क्रायफ, ज्याला बघत बघत हा मोठा झाला तोच क्रायफ. डॉक्टर म्हणाले याच्याहून जास्त बिघडणार नाही, मग असं ठरलं की लीगच्या काही मॅच सोड, प्रॅक्टिस कमी कर, पण युरोपातल्या मॅच मात्र खेळायच्या. बावीस वर्षांचं पोरगं, समोर क्रायफ, नाही कोण म्हणणार. मे १९८७ मध्ये अथेन्सला कप विनर्स कपची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या एका स्पर्धेची, फायनल झाली, लोकोमोटिव्ह लाइपझिग समोर, आयाक्स १-० नं जिंकलं आणि तो एकुलता एक गोल व्हॅन बास्टनचा, हेडरनं. कप मिळाला, फोटो निघाले, आणि तोच घोटा घेऊन तो त्या उन्हाळ्यात एसी मिलानला गेला.

मिलानमध्ये पहिल्याच सीझनला काय झालं ते भाच्याला नीट सांगा कारण सगळी गोम तिथं आहे. १९८७ च्या शेवटी घोट्याचं ऑपरेशन करावं लागलं आणि तो कित्येक महिने बाहेर बसला, अख्ख्या सीझनमध्ये लीगच्या ११ मॅच आणि ३ गोल एवढंच. मिलान लीग जिंकलं पण जास्त करून त्याच्याशिवाय. वसंतात परत आला, १ मे १९८८ ला नेपल्समध्ये मॅराडोनाच्या नापोलीला मिलाननं ३-२ नं हरवलं त्यात त्याचा एक गोल होता, आणि मग जूनमध्ये युरो. म्हणजे रीलमध्ये जो गोल दिसते तो दुखणं अंगावर काढून मारलेला गोल नाहीये. ऑपरेशन करून, महिनोन्‌महिने बसून, हळूहळू परत आलेल्या माणसाचा तो गोल आहे.

आणि त्या युरोतही तो पहिल्या पसंतीचा नव्हता. नऊ नंबरची जर्सी बोसमनकडे होती, व्हॅन बास्टनची १२ नंबरची. सोव्हिएत युनियनविरुद्ध पहिल्या मॅचला बेंचवरून आला, नेदरलँड्स १-० नं हरलं. दुसऱ्या मॅचला कोच रिनस मिखेल्सनं त्याला सुरुवातीपासून खेळवलं आणि त्यानं इंग्लंडवर हॅट्ट्रिक टाकली. सेमीफायनलला पश्चिम जर्मनीविरुद्ध हॅम्बुर्गमध्ये ८८ व्या मिनिटाला विनर. २५ जूनला म्युनिकमध्ये फायनल, पुन्हा सोव्हिएत युनियनच समोर. गुलिटनं हेडरनं पहिला गोल केला आणि ५४ व्या मिनिटाला डावीकडून आर्नोल्ड म्युरेननं उंच लांब क्रॉस दिला. म्युरेनचं वय तेव्हा ३७. बॉल बॉक्सच्या उजव्या टोकाला पडत होता, तिथून गोल जवळजवळ दिसतच नाही असा कोन, कोणीही बॉल थांबवून मागं दिला असता. त्यानं हवेतच उजव्या पायानं घेतला आणि बॉल दासायेवच्या डोक्यावरून लांबच्या कोपऱ्यात. दासायेव म्हणजे त्या वेळचा जगातल्या पहिल्या दोन-तीन गोलकीपरांपैकी एक, तो बघतच राहिला. कोचच्या बाकावर मिखेल्सनं तोंडावर हात घेतलेला व्हिडिओत दिसतो, तो तुकडा भाच्याला जरूर दाखवा.

पुढचं थोडक्यात. १९८९ च्या युरोपियन कप (युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा) फायनलला मिलान स्तेआवा बुखारेस्टवर ४-०, दोन गोल गुलिटचे दोन याचे. १९९० ला परत कप, बेनफिकाविरुद्ध १-०, गोल रायकार्डचा आणि पास याचा. बॅलन डी'ऑर, म्हणजे वर्षाच्या सगळ्यात भारी फुटबॉलरचं बक्षीस, तीन वेळा, १९८८, १९८९ आणि १९९२. इटलीच्या लीगमध्ये, जिथं त्या काळात गोल मारणं म्हणजे भिंतीतून वाट काढणं होतं, तिथं १४७ मॅचमध्ये ९० गोल. नोव्हेंबर १९९२ मध्ये गोटेबोर्गविरुद्ध एकाच मॅचमध्ये चार गोल, त्याच युरोपियन कपचं चॅम्पियन्स लीग नाव पडल्यावर असं करणारा पहिला माणूस.

आणि पुढच्याच महिन्यात, डिसेंबर १९९२ ला, परत घोट्याचं ऑपरेशन. सीझन संपता संपता परत आला, पूर्ण बरा झालेला नव्हताच, आणि २६ मे १९९३ ला मार्सेलविरुद्धची फायनल खेळला. मार्सेल १-० नं जिंकलं, व्हॅन बास्टनला शेवटच्या काही मिनिटांत बाहेर घेतलं. ती त्याच्या आयुष्यातली शेवटची ऑफिशियल मॅच. वय किती तर २८. आणि ग्राउंड कुठलं तर म्युनिकचं तेच ऑलिम्पिक स्टेडियम जिथं पाच वर्षांआधी तो व्हॉली मारला होता.

कामठीचा_सेंटरहाफ

जर्सी भाऊनं सगळं बरोबर सांगितलं पण एक गोष्ट राहून गेली. त्याले नुसत्या घोट्यानं नाही, त्या काळच्या टॅकलनं मारलं. तेव्हाच्या मॅचेस पाहा तुम्ही, स्ट्रायकर पाठ करून बॉल घेते आणि मागून डिफेंडर दोन्ही पाय घेऊन सरळ पोटरीवर आणि घोट्यावर, आणि रेफरी काय करते तर फ्री किक देऊन मोकळा, यलो पण नाही. मार्सेलच्या फायनलमध्येही मागून लाथा बसल्या त्याले. फिफानं १९९४ आणि १९९८ च्या वर्ल्डकपच्या टायमाला मागून टॅकलवर कडक रेड कार्ड आणलं तेव्हा व्हॅन बास्टन घरी बसला होता. आजच्या नियमात खेळला असता तर पस्तिशीपर्यंत खेळला असता हे मी छातीठोक सांगतो.

दुसरी गोष्ट मामाले, आणि ही थोडी कडू लागंल. तुमचा भाचा मिलानचा नाही, नागपूरचा आहे. आपल्या इकडं पोट्ट्याले दिसायचा चान्स वर्षातून एखादवेळी येते. सेमीफायनलले जिल्ह्याचे सिलेक्टर येतात, रेल्वेवाले पाहायले येतात, स्पोर्ट्स कोट्यात एकदा लागला की घराचं भलं होते. कामठीत मी अशी घरं पाहिली आहेत जिथं एका मॅचनं नोकरी लागली आणि मागच्या तीन भावंडांचं शिक्षण झालं. त्या कोचनं सुई म्हटलं ते चूकच आहे, पण तो पोट्टा काहून एवढा तरसून राहिला ते पण समजून घ्या. त्याले नुसतं नको नको म्हणून नाही चालणार.

घोटा_गुडघा_ताई

मी फिजिओ आहे, मेडिकलला होते आधी, आता स्वतःचं सेंटर चालवते, धंतोलीत. मामा, व्हॅन बास्टनचं राहू द्या जरा बाजूला, आधी भाच्याचा घोटा बघू.

एक, पाय मुरगळला तेव्हा लगेच आणि नंतर तो चार पावलं स्वतःच्या पायावर टाकू शकला का, लंगडत का होईना. दोन, घोट्याचं बाहेरचं हाड आहे ना, त्या हाडाच्या मागच्या कडेवरून बोट फिरवत खाली टोकापर्यंत या, आणि हाडावरच दाबा, मांसावर नाही. आतल्या बाजूच्या हाडालाही तसंच करा. मग पायाच्या बाहेरच्या कडेला मधोमध जो उंचवटा लागतो तिथं दाबा. चार पावलं टाकता आली नसतील किंवा या हाडांवर दाबल्यावर कळ येत असेल तर आजच एक्स-रे काढा, उद्या नाही. फ्रॅक्चर नसेल तर मग बाहेरचं लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडून धरणारी पट्टी, किती फाटलं आहे तो प्रश्न, आणि टाचेपर्यंत निळं उतरलं आहे, आठवड्यानंतरही जिना उतरता येत नाही, यावरून हे साधं लचकणं वाटत नाही मला. न बघता नक्की सांगणार नाही, पण अशा घोट्याला परत खेळायला साधारण तीन ते सहा आठवडे धरायचे असतात.

आता सुईचं. दुखणं हा त्या सांध्याचा एकच इशारा असतो आणि सुई तो इशाराच बंद करते. लिगामेंट तर तेवढंच फाटलेलं राहतं. पोरगं पळतं, वळतं, त्याला वाटतं जमतंय, आणि तो ढिला सांधा पुन्हा वळतो, या वेळेला जास्त. आणि स्टेरॉइडची सुई लिगामेंटमध्ये गेली तर ते आणखी कमजोर होतं. असं दोन-तीनदा झालं की घोटा कायमचा ढिला राहतो, चालताना खड्ड्यात पाय पडला तरी वळतो, आणि सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, घासायला लागते. लिगामेंट भरून येतं, कूर्चा तशी भरून येत नाही. व्हॅन बास्टनचं शेवटी जे गेलं ते हेच, कूर्चा. टॅकल लागले हे सेंटरहाफ भाऊंचं बरोबर आहे, पण टॅकल लागलेल्या घोट्याला बरं व्हायला वेळ मिळाला नाही हे त्याहून मोठं कारण, माझ्या मते.

बर्डीचा_मामा

ताई, भाऊ, सगळ्यांचे आभार मानतो. ताईनं सांगितलं तसं दाबून पाहिलं, बाहेरच्या हाडाच्या टोकाले त्याले कळ आली, म्हणून संध्याकाळीच एक्स-रे काढून आणला. हाड शाबूत आहे. एमआरआय उद्या आहे.

जर्सी भाऊ, तुमचं सगळं मी त्याले वाचून दाखवलं. युरोच्या आधी तो इतके महिने बाहेर होता हे ऐकून चूप झाला थोडा वेळ. मग म्हणते की मामा पण अथेन्सची फायनल तर दुखऱ्या घोट्यानंच खेळला ना, आणि गोलही त्यानंच मारला ना, तेव्हा थांबला असता तर कप आला असता का आणि मिलाननं घेतला असता का. यावर मले उत्तर नाही सुचलं. आणि एक विचारते, शेवटच्या मॅचनंतर त्याचं पुढं काय झालं, कारण रीलमध्ये १९९३ नंतर काहीच नाही.

जुनी_नारंगी_जर्सी

भाचा हुशार आहे, प्रश्न अगदी रास्त आहे. अथेन्सला तो नसता तर कप आला नसता कदाचित, हे मी नाकारत नाही. पण मिलानचं म्हणाल तर ज्यानं आदल्या वर्षी ३७ गोल मारून गोल्डन बूट घेतला त्याला घ्यायला मिलान त्या एका हेडरसाठी थांबलं नसतं. त्या कपचा आयाक्सला उपयोग झाला, क्रायफला कोच म्हणून युरोपातली पहिली ट्रॉफी मिळाली, पोरांना मेडल मिळालं. बिल मात्र एकट्याच्या घोट्यावर फाडलं गेलं. त्या सगळ्यांमध्ये ज्याचा पाय होता त्याला नाही म्हणायची सोयच नव्हती, याचा मला आजही राग येतो. आणि क्रायफ मला देवासारखा आहे, तरी हे म्हणतोय.

आता १९९३ नंतरचं. त्या उन्हाळ्यात पुन्हा ऑपरेशन झालं. सगळ्यांना वाटलं काही महिन्यांत परत येईल, तो आलाच नाही. १९९४ मध्ये त्याच्या पायाला इलिझारोव्हची रिंग लावली होती, म्हणजे बाहेरून लोखंडी कड्या आणि हाडातून आरपार गेलेल्या तारा, सांध्यातली दोन हाडं एकमेकांपासून थोडी लांब ओढून धरायला, म्हणजे मध्ये कूर्चा परत धरेल या आशेनं. महिनोन्‌महिने ते घेऊन राहिला. धरली नाही. त्याच वर्षी मिलाननं बार्सिलोनाला ४-० नं हरवून युरोप जिंकलं आणि ती फायनल कुठं होती तर अथेन्सला. हा त्या मॅचमध्ये नव्हता. त्याच उन्हाळ्यात वर्ल्डकप झाला, तिथंही नव्हता. वर्ल्डकपमध्ये त्याचा एकही गोल नाही हे लोक विसरतात, १९९० ला खेळला पण गोल झाला नाही आणि पुढचा वर्ल्डकप मिळालाच नाही.

ऑगस्ट १९९५ मध्ये त्यानं निवृत्ती जाहीर केली, वय तिशीचं. सान सिरोला युव्हेंटसविरुद्धच्या मॅचच्या आधी तो साध्या कपड्यात, जीन्स आणि वर जॅकेट, ग्राउंडवर आला आणि टाळ्या वाजवत हळूहळू फिरला. सगळं स्टेडियम त्याच्या नावानं ओरडत होतं. कोच फाबियो कापेलो, एरवी दगड माणूस, बाकावर बसून डोळे पुसत होता. त्याचा व्हिडिओ आहे, आणि भाच्याला युरोचा गोल दाखवलाच आहे तर हाही दाखवा, चालताना त्याचा पाय कसा पडते ते बघायला सांगा.

त्यानंतरही दुखणं संपलं नव्हतं. खेळ सोडून दिला तरी घोटा दुखायचा, रात्री उठून बाथरूमला जायचं तर रांगत जावं लागायचं असं त्यानं स्वतः नंतर लिहिलंय. शेवटी १९९६ मध्ये डॉक्टरांनी तो सांधा कायमचा जोडून टाकला, घोटा वाकणंच बंद. तेव्हा कुठं दुखणं थांबलं. गोल्फ वगैरे खेळू लागला. जगातला सगळ्यात देखणा स्ट्रायकर, आणि दुखणं जावं म्हणून घोट्याची हालचाल देऊन टाकावी लागली.

संत्रा_मार्केट

कोच म्हणून काय केलं ते मी सांगतो, कारण मी तेव्हा रात्री जागून मॅच बघायचो. २००४ ला त्याला थेट नेदरलँड्सचा कोच केलं, मोठ्या क्लबचा काही अनुभव नसताना. २००६ च्या वर्ल्डकपला पोर्तुगालविरुद्ध न्युरेंबर्गची ती मारामारीची मॅच आठवत असेल, १६ यलो आणि ४ रेड कार्ड, १-० नं हरले. पण २००८ च्या युरोची ग्रुप स्टेज बघा तुम्ही, इटलीवर ३-०, फ्रान्सवर ४-१, रोमानियावर २-०, इटली तेव्हा वर्ल्ड चॅम्पियन होती आणि फ्रान्स रनरअप. स्नायडर, व्हॅन पर्सी, रॉबेन, काय काउंटर अटॅक होता तो. आणि मग क्वार्टरला हिडिंक कोच असलेल्या रशियानं एक्स्ट्रा टाईममध्ये ३-१ नं उडवलं, अर्शाविननं नाचवलं. त्यानंतर एक सीझन आयाक्स, मग हीरेनवेन, मग २०१४ ला एझेड, हे सगळे डच क्लब. एझेडमध्ये काही महिन्यांतच छातीत धडधड व्हायला लागली, ताण झेपेना, तेव्हा त्यानं हेड कोचची खुर्ची सोडली आणि त्याच क्लबमध्ये असिस्टंट म्हणून राहिला. मला हे फार मोठं वाटलं. नाव व्हॅन बास्टन, तीन बॅलन डी'ऑर घरात, आणि मला झेपत नाही असं सगळ्यांदेखत म्हणणं सोपं नाही. २२ व्या वर्षी त्याला कोणी हे म्हणू दिलं नव्हतं.

कामठीचा_सेंटरहाफ

हे मले माहीत नव्हतं. मामा, माझ्या वरच्या बोलण्याचा अर्थ खेळवा असा घेऊ नका. मी म्हणून राहिलो की चान्स गेला तर दुसरा चान्स कुठून आणायचा ते पण पोट्ट्याले सांगा, नाही तर तो तुमचं ऐकंल आणि मनातून तुटून जाईल. तुम्ही कोचले जाऊन भेटा, पोट्ट्याले नका पाठवू, कोचसमोर कोणताच पोट्टा खरं बोलत नाही. मोठ्या माणसानं रिपोर्ट हातात घेऊन जावं आणि म्हणावं सर, या सीझनचं सोडा, पुढच्या सीझनले हा तुम्हाले पूर्ण पाहिजे का अर्धा. बहुतेक कोच ऐकतात. नाही ऐकलं तर तो कोच बदला, जिल्ह्यात क्लबची कमी नाही.

बर्डीचा_मामा

एमआरआय आला. बाहेरचं एक लिगामेंट अर्धं फाटलं आहे, कूर्चा एकदम चांगली आहे, डॉक्टर म्हणाले वेळेवर आलात. ताई, रिपोर्ट तुम्हाले मेसेजमध्ये पाठवला आहे.

कोचले भेटून आलो. आधी चिडला, म्हणे तुम्ही लोक पोरांले काचेच्या कपाटात ठेवता. मी वाद नाही घातला, रिपोर्ट समोर ठेवला आणि सेंटरहाफ भाऊनं सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं टाकलं. थोडा वेळ रिपोर्ट पाहत बसला, मग म्हणे बरं, रविवारी जर्सी घालून बेंचवर येऊ द्या, बूट नको. पोट्टा रडला रात्री. मी पण काही बोललो नाही, रडू दिलं. सान सिरोचा तो व्हिडिओ त्यानं स्वतःच दोनदा पाहिला आणि मले विचारलं की मामा, हा परत कधीच नाही खेळला? मी नाही म्हटलं.

आता ताई, सांगा काय करायचं ते. शिस्तीत करंल, एवढं मी पाहतो.

घोटा_गुडघा_ताई

रिपोर्ट बघितला, ऑपरेशनची गरज नाही. सध्या लेस बांधायचा अँकल ब्रेस वापरा, क्रेप बँडेज करकचून बांधू नका, रक्त अडतं. बसल्या बसल्या पायाच्या अंगठ्यानं हवेत आकडे काढायचे, टॉवेल जमिनीवर टाकून बोटांनी ओढायचा. दुखणं बसलं की रबरी पट्टा लावून पाय बाहेरच्या बाजूला ढकलायचा, तो स्नायू मजबूत झाला की घोटा वळताना तोच धरून ठेवतो. मग टाचा उचलणं, आधी दोन पायांवर मग एका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका पायावर उभं राहायचं, दात घासताना रोज, जमलं की डोळे मिटून. याला पोरं हसतात आणि हेच करत नाहीत, आणि मग तोच घोटा परत मुरगळून येतात. पळणं कधी सुरू करायचं ते मी सेंटरला बघून सांगेन, आधी सरळ रेषेत, मग इंग्रजी आठच्या आकड्यात, मग बॉलसोबत. दुखऱ्या पायावर उड्या मारून त्या चांगल्या पायाइतक्या लांब जात नाहीत तोवर मॅच नाही. सकाळी या, दुपारच्या उन्हात नका आणू त्याला.

जुनी_नारंगी_जर्सी

बेंचवर बसायचंच आहे तर घरी बसून काय बघायचं ते मी देतो. युरोची व्हॉली पुरे झाली आता. १९८९ ची बार्सिलोनातली फायनल पूर्ण बघायला सांगा, त्यात बॉल नसताना व्हॅन बास्टन कुठं उभा राहते, सेंटरबॅकला कुठं ओढून नेते आणि मोकळ्या जागेत गुलिट कसा येते ते बघ म्हणावं. मग गोटेबोर्गचे चार गोल, त्यातली ती ओव्हरहेड किक, पण तिच्याआधीची तीन-चार पावलं. स्ट्रायकरला घोटा बरा होईस्तोवर एवढं शिकण्यासारखं आहे की वेळ पुरणार नाही.

कामठीचा_सेंटरहाफ

आणि ताईनं खेळायची परवानगी दिली की पोट्ट्याले घेऊन कामठीले या. आमच्याकडं सकाळी सहाले जुने पोट्टे जमतात, पाऊस पडल्यावर ग्राउंडवर चांगलं गवत येते, मुरमावर नका आणू त्याले सुरुवातीले. दोन सेंटरबॅक आहेत आमचे, चाळिशीचे आहेत पण मागून पाय घालत नाहीत. मामा, तुमचा नंबर मेसेजमध्ये टाकून ठेवा.